खलासचा रकाना

१

मला वाटलं होतं, त्या डोंगरकण्यावर पहिल्यांदा उभी राहीन तेव्हा मला भरून येईल.

इंग्लंडच्या उत्तरेला मी दोन वर्षं रोमन सरहद्दीचा अभ्यास केला होता. हिरव्या टेकड्यांवरून गेलेली दगडी भिंत, ठरावीक अंतरावर बुरूज, खाली मेंढ्या. प्रत्येक बुरुजापाशी एक पाटी आणि पाटीवर पहाऱ्यावरच्या शिपायाचं चित्र. अंगावर जाड झगा, हातात भाला, पाठ आपल्याकडे आणि तोंड पलीकडच्या मुलखाकडे. ते चित्र मला फार आवडायचं. आपल्या घरापासून हजार कोसांवर, कोणी बघत नसतानाही जागा न सोडणारा माणूस. माझ्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावरही मी तेच लावलं होतं.

मी मस्कतमध्ये वाढले. बाबा अकोल्याचे, तिथल्या एका पाणीपुरवठ्याच्या कंपनीत इंजिनीअर. शिकून परत यायचं आणि शिकलेलं कुणाच्यातरी उपयोगी पडलं पाहिजे, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकवलेलं. मी परत येऊन ओमानच्या डोंगरांतल्या पडक्या बुरुजांसाठी काम करणार म्हटल्यावर बाबा खूश झाले. आई म्हणाली, "समाजासाठी कर म्हणत होते ते, दगडांसाठी नाही."

प्रत्यक्षात मला मिळालं ते एका रस्त्याच्या सल्लागार कंपनीतलं पाच दिवसांचं काम. इब्रीपासून पाऊण तासावर एक करडा, भाजलेला डोंगरकणा. त्यावर एका ओळीत सात बुरूज आहेत असं नकाशात लिहिलेलं. रोमन माणूस इथे कधी फिरकला नाही, हे मला ठाऊक होतंच. पण बुरूजही म्हणावेत असे नव्हते. गुडघाभर दगडांचे ढीग, त्यांत बकऱ्यांच्या लेंड्या आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. पाटी नाही, चित्र नाही. एप्रिल संपत आलेला, सकाळी नऊलाच दगडावर हात टेकवत नव्हता.

खाणीच्या ट्रकांसाठी त्या कण्यावरून रस्ता जायचा होता, आणि चौथा ढीग नेमका त्या रस्त्यात येत होता. मस्कतच्या ऑफिसातले लोकेश सर मला निघतानाच म्हणाले होते, "सहा बुरूज लिही, एक ढीग लिही, गुरुवारी रिपोर्ट दे. यल्ला, लाग कामाला." मी मनात ठरवलं होतं की सात लिहायचे.

२

माझ्याबरोबर दोन माणसं दिली होती. गाडी चालवायला इम्रानभाई, चिपळूणकडचे, कमी बोलणारे. आणि मोजणीला तानाजीकाका.

तानाजीकाका साताऱ्याकडचे. एकतीस वर्षं ओमानात. सूरला, दुक्मला, जिथे जिथे रस्ता, बंदर, पाइपलाइन झाली तिथे तिथे रॉड धरून उभे राहिलेले. आमचं हे त्यांचं शेवटचं काम. गुरुवारी रात्रीच्या विमानाने ते कायमचे गावी जाणार होते. घरात हौसाबाई, त्यांची बायको. एकतीस वर्षांत एकत्र राहिलेले दिवस मोजले तर तीन वर्षं भरत नाहीत, असं त्यांनीच हसत सांगितलं. डोक्याला ते नेहमी निळ्या चौकड्यांचा एक टॉवेल बांधायचे. तो हौसाबाईंनी पाठवलेला.

काम असं: दरीच्या अलीकडे एका टेकाडावर मी टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, मांडायचं. काकांनी रॉड घेऊन पलीकडच्या कण्यावर चढायचं आणि बुरुजाच्या जागेवर रॉड सरळ धरून उभं राहायचं. रॉडच्या टोकाला काचेचा लोलक, त्याला प्रिझम म्हणतात. आमचं यंत्र मोटरवर चालणारं होतं. समोर कुठे प्रिझम दिसला की ते आपणहून मान वळवायचं, त्याच्यावर थांबायचं आणि अंतर सांगायचं.

काकांचे नियम होते. पहिला, रॉडवाला आपल्या मनाने जागा सोडत नाही. यंत्रावरचा माणूस वॉकीटॉकीवर 'खलास' म्हणाला, किंवा दोन्ही हात वर करून खूण केली, तरच हलायचं. नाहीतर दुसरा माणूस येऊन त्याच जागी उभा राहिला पाहिजे.

"का हो काका? रीडिंग झालं की कळतंच की."

"तुला कळतं. मला काय कळतं?" ते म्हणाले. "तू अजून बघत असशील आन् मी हललो, तर तुझं खोटं पडतं."

मला ते इतकं आवडलं की मी ते माझ्या डायरीत उतरवून घेतलं.

त्यांची स्वतःची एक वही होती, शाळेची, दोनशे पानी. यंत्रात सगळं नोंदलं जात असतानाही ते तिच्यात पेनने लिहायचे. चार रकाने. जागा, वेळ, रॉड कुणाकडे, खलास किती वाजता. चौथा रकाना भरला की ती जागा सुटली.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली. माझं रीडिंग एकसारखं येत नव्हतं, शेवटचे मिलिमीटर पुढेमागे होत होते. मी यंत्राला दोष देत होते. ते म्हणाले, "माणसानं धरलेला रॉड श्वास घेतो, मॅडम. दगडात रोवलेला घेत न्हाई. आकडा हलत असला की समजायचं, तिथं माणूस हाय."

३

माझी चूक रविवारची आहे.

पहिले तीन बुरूज झाले होते. पावणेअकराला काका चौथ्यावर पोचले. रीडिंग आलं, सहाशे बारा मीटर आणि काही. मग मी त्यांना वॉकीटॉकीवर विचारलं की तिथून तिसरा दिसतो का. दिसतो, म्हणाले. पाचवा? "दोन्ही दिसत्यात. मधोमध हाय मी."

तिसऱ्यावरून पाचवा दिसत नाही, मध्ये डोंगराचा उंचवटा येतो. म्हणजे चौथ्यावर माणूस असल्याशिवाय ही ओळ जुळतच नव्हती. हा ढीग नव्हे, ही चौकी होती. पहिल्यांदाच मला ते भरून येणं जाणवलं. फोनला रेंज होती फक्त टेकाडाच्या मागे, गाडी उभी करायचो तिथे. मी धावत खाली गेले आणि लोकेश सरांना फोन लावला. ते ढीग म्हणत राहिले, मी चौकी म्हणत राहिले. मग त्यांनी लेखी द्यायला सांगितलं. मी टेकाडाच्या सावलीत बसून लॅपटॉप उघडला आणि लिहीतच गेले.

इम्रानभाई इब्रीहून जेवण घेऊन आले तेव्हा पाऊण वाजला होता. त्यांनी डबे बॉनेटवर ठेवले आणि विचारलं, "काका कुठेत?"

मी खलास म्हटलंच नव्हतं.

वर यंत्रापाशी ठेवलेला माझा वॉकीटॉकी चालू होता. काकांचा बंद पडला होता. रात्री चार्जिंगला लावलेल्या दोनपैकी एकाचं बटण मीच दाबलं नव्हतं. यंत्राच्या दुर्बिणीतून ते दिसत होते. उघड्या कण्यावर, सावली नाही, रॉड काटकोनात सरळ. मी हात वर केले, हलवले, ओरडले. बारा वाजून गेले की तिथल्या उन्हात समोरचं सगळं पांढरं होतं. त्यांना टेकाड तरी दिसत होतं की नाही कोण जाणे.

इम्रानभाई चढून गेले. पोचायला पाऊण तास लागला. दुर्बिणीतून मी बघत होते. त्यांनी काकांच्या दंडाला धरलं, काका हलेनात. काहीतरी बोलणं झालं. मग इम्रानभाईंनी रॉड काढून घेतला आणि त्यांना जवळजवळ ओढतच त्या जागेवरून उतरवलं.

खाली आल्यावर काका मला रागावले नाहीत. ते मला जास्त लागलं. दीड बाटली पाणी प्यायले, डोक्याचा टॉवेल भिजवून परत बांधला. मग वही काढून गुडघ्यावर ठेवली आणि पेन हातात घेऊन नुसते बसून राहिले.

"काका, चुकलं माझं. लिहा ना, दीड वाजता."

"तू म्हणाली न्हाईस," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "मग मी काय लिहू?"

त्यांनी वही मिटली. चौथ्या बुरुजापुढे चौथा रकाना तसाच राहिला.

४

सोमवारी सकाळी काका पाचव्याकडे निघाले. मी नको म्हटलं, एक दिवस आराम करा म्हटलं. ते म्हणाले, "चार दिस हायत. घरी बसायला आख्खं आयुष्य हाय पुढं."

मी यंत्र मांडलं, पाचव्याच्या दिशेला वळवलं आणि छत्रीखाली बसले. थोड्या वेळाने मोटरचा बारीक आवाज आला. यंत्राची मान हळूहळू डावीकडे फिरली आणि थांबली. पडद्यावर आकडा आला. सहाशे बारा.

मला वाटलं, काका चौथ्यापाशी दम खायला थांबलेत. वॉकीटॉकीवर विचारलं, कुठे आहात.

"पाचव्याच्या खाली, ओढ्यात. प्रिझम पिशवीतच हाय अजून."

मी शिकलेली बाई आहे. मी एकेक कारण तपासलं. चौथ्यावर काहीतरी चकाकत असेल. बाटली, चिप्सचं पाकीट, गारगोटीचा दगड. यंत्र अशा गोष्टींना फसतं, पुस्तकातच दिलेलं आहे. मी ते हाताने पाचव्याकडे वळवलं. काका पोचले, रीडिंग झालं, मी मोठ्याने आणि स्पष्ट खलास म्हटलं, तेही दोनदा. ते उतरायला लागले. यंत्र परत डावीकडे वळलं.

यावेळी मी सहाशे बारा मीटरच्या पुढच्या मिलिमीटरांकडे नीट बघितलं. तीनशे एक्क्याऐंशी, तीनशे चौऱ्याऐंशी, तीनशे शहाऐंशी, तीनशे ब्याऐंशी. शेवटचे मिलिमीटर पुढे जात होते, मागे येत होते. सावकाश, एका लयीत.

काका खाली आल्यावर त्यांचा वॉकीटॉकी देऊन मी इम्रानभाईंना वर पाठवलं. दुर्बिणीतून ते ढिगावर पोचलेले दिसले, कमरेवर हात, इकडेतिकडे बघताना. वॉकीटॉकीवर म्हणाले, "मॅडम, हितं काय नाय. बाटली पण नाय."

"चमकणारं काही?"

"काय नाय. नुसतं गरम."

ते ढिगाच्या एका बाजूला होते. मधल्या सपाट दगडावर, जिथे काका उभे होते, तिथे ते गेले नव्हते. मी त्यांना मध्ये उभं राहायला सांगितलं. ते एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "नको मॅडम. उतरतो मी."

त्यांना का म्हणून मी विचारलं नाही. आकडा पूर्णवेळ चालूच होता.

५

इब्रीत आम्हाला बाजारातल्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या दिल्या होत्या. एक माझी, एक त्या दोघांची. मधे स्वयंपाकघर. स्वयंपाक काका करायचे. सोमवारी सहावा आणि सातवाही उरकून आम्ही परतलो होतो. संध्याकाळी आमटी उकळत होती आणि ते खिडकीपाशी उभे होते. जेवायला बसा म्हटलं, ते बसले नाहीत. ताट ओट्यावर ठेवून उभ्याने जेवले. इम्रानभाईंनी थट्टा केली, "काका, विमानात पण उभेच जाणार काय?" काका हसले, पण उशिरा.

मंगळवारी मी त्यांना घरीच ठेवलं. कागदपत्रांचं काम आहे म्हटलं. खरं म्हणजे मला यंत्र त्या दिवशी मांडायचं नव्हतं. एसी लावला, पडदे ओढले. दिवसभर मी टेबलाशी बसून रिपोर्ट लिहीत होते आणि ते माझ्यासमोर होते, त्याच खोलीत. दर थोड्या वेळाने उठून उभे राहायचे. उजवा हात छातीपुढे, मूठ अर्धी वळलेली, काहीतरी सरळ धरल्यासारखी. मी हाक मारली की हात खाली यायचा.

दुपारी त्यांनी टॉवेल सोडला तेव्हा माझं लक्ष मानेकडे गेलं. रविवारच्या उन्हाने तिथली कातडी लाल झालीच होती. आता ती सोलवटली होती, आणि खालची नवी कातडीही भाजलेली होती. ओठ फुटले होते. सकाळपासून ते या खोलीतून बाहेर पडले नव्हते. मी स्वतः बघत होते.

"काका, दुखतंय?"

"ऊन फार हाय," ते म्हणाले.

खोलीत एसी बावीसवर होता.  त्यांच्या मानेला बर्नोल लावलं. हाताला जाणवली ती ताप आलेल्या माणसाची ऊब नव्हती. दगडावर दुपारी हात टेकवला की लागते तसली होती.

पाच वाजले, साडेपाच वाजले. सूर्य खाली गेला तसे ते थोडे सैल झाले. पहिल्यांदाच खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या डोळे मिटले. मी रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य वाचलं. मीच दुपारी लिहिलेलं. 'या जागेवर माणूस उभा असल्याशिवाय ही ओळ पूर्ण होत नाही.' मला ते वाक्य खोडावंसं वाटलं. पण ते खरं होतं.

६

बुधवारी सकाळी माझ्या फोनवर भारतातला नंबर आला. हौसाबाई होत्या. त्यांना नंबर कुठून मिळाला ते त्यांनी सांगितलं नाही. आवाज करडा होता आणि त्या पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या.

काल रात्री काकांनी त्यांना फोन केला होता. गुरुवारचं निघणं होत नाही म्हणाले. का, तर काम सोडता येत नाही. किती दिवस, तर माहीत नाही.

"दारात मंडप घातलाय," त्या म्हणाल्या. "लेक आलीय, नातवंडं आल्यात. एकतीस वर्सं म्या इचारलं न्हाई, कधी येताय म्हणून. ह्या खेपेला त्यांनीच सांगितलं व्हतं, आता कायमचा येतो. आन् काल बोलत व्हते त्ये कसं... लांबनं बोलल्यावानी. वाऱ्यात उभं ऱ्हाऊन बोलतंय कुणी तसं."

मी म्हटलं, काम झालंय. तिकीट आहे. मी स्वतः त्यांना विमानतळावर सोडणार आहे.

त्यांनी लेकीला बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाल्या, "पोरी, तूच त्यांची सायेब ना? मग तू सोड त्यांना."

मी स्वयंपाकघरात गेले. काका खिडकीपाशी होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "काका, खलास. रविवारचं खलास. मी सांगतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दमलेल्या माणसाला आपण उगाच उठवतो तेव्हा तो बघतो तसं.

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले.

मी त्यांची वही घेतली, रविवारचं पान काढलं आणि चौथ्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, दीड वाजता. त्यांनी ते वाचलं. मग शर्टाच्या खिशातून पेन काढलं, माझ्या अक्षरांवर एक सरळ रेघ मारली आणि वही मला परत दिली. चुकीच्या नोंदीवर मारतात तशी, खालचं वाचता येईल अशी.

७

दुपारी चारला आम्ही तिघं टेकाडापाशी गेलो. इम्रानभाई गाडीतून उतरले नाहीत. टेकाडावर काका माझ्या डाव्या हाताला उभे होते, इतके जवळ की त्यांच्या टॉवेलचा घामट वास येत होता. मी यंत्र मांडलं. चालू करताच ते वळलं, मला काही दाबावं लागलं नाही.

सहाशे बारा. शेवटचे आकडे सावकाश पुढेमागे.

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि खलास म्हटलं. उत्तर आलं नाही, खरखरही नाही. मग मला आठवलं. त्या दिवशी तिथला वॉकीटॉकी मेलेला होता. जो रविवारी तिथे उभा राहिला त्याला माझा आवाज कसा जाणार?

मी पुढे गेले, टेकाडाच्या कडेवर, आणि दोन्ही हात वर केले. धरून ठेवले. खांदे दुखेपर्यंत. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते पलीकडे बघत होते.

परत आले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

इतके दिवस मी आकडाच बघत होते. दुर्बिणीतून बघितलं होतं तेव्हा दिसला तो ढीग आणि इम्रानभाई. आता उन्हाचं पांढरेपण उतरलं होतं, उजेड तिरपा आणि स्वच्छ होता. मधल्या दगडावर रॉड होता. काटकोनात सरळ, टोकाला प्रिझम, त्याचं तोंड माझ्याकडे. रॉड धरणारा हातही दिसत होता, आणि निळ्या चौकड्यांचा टॉवेल.

टॉवेलची गाठ दिसत होती. गाठ मानेवर, मागे असते.

प्रिझम माझ्याकडे धरून तो पाठमोरा उभा होता. तोंड पलीकडच्या मुलखाकडे. त्याला माझा हात कधीच दिसला नसता. मी कितीही वेळ उभी राहिले असते तरी. पाठीची ती ठेवण मला ओळखीची होती. ती फक्त काकांची नव्हती. मी ती दोन वर्षं एका पाटीवर बघितली होती, प्रबंधावर छापली होती, सुंदर म्हटलं होतं.

खांदा हलला. तो मान वळवू लागला असावा.

मी डोळा काढला. माझ्या शेजारी काका तसेच होते, टॉवेल, वास, सगळं. आणि मोटरचा आवाज आला. यंत्र चौथ्यावरून सुटलं, थोडं उजवीकडे फिरलं आणि पाचव्यावर थांबलं. पाचव्यावर सोमवारनंतर कुणी गेलं नव्हतं. तिथलं खलास मी दोनदा म्हटलं होतं. पडद्यावर 'शोधत आहे' असं दिसत होतं. आकडा यायच्या आत मी बटण दाबून यंत्र बंद केलं.

उतरताना काका एकेक पाऊल टाकत, हातात काही असल्यासारखे, तोल सांभाळत उतरले.

८

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी लोकेश सरांना रिपोर्ट पाठवला. सात बुरूज लिहिले. चौथ्यापुढे जागा सिद्ध झाली म्हणून लिहिलं. मला वाटलं होतं की तो ईमेल पाठवताना मला काहीतरी वाटेल. मला झोप येत होती.

काकांची बॅग भरलेली होती. ती मी भरली होती. दुपारी दोनला मस्कतला निघालं तर विमान मिळत होतं. त्याआधी डोंगर, चढ-उतार धरून चार तास. मी हिशेब करून ठेवला होता आणि रात्री दोन्ही वॉकीटॉकी चार्जिंगला लावून हिरवे दिवे लागेपर्यंत तिथेच बसले होते.

रॉडवाला जागा सोडतो ते दोनच गोष्टींनी. एक करून झाली होती. उरलं होतं ते दुसऱ्या कुणीतरी जाऊन त्याच जागी उभं राहणं.

इम्रानभाईंना मी गाडीत सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "मी काकांना वडून आणलं, मॅडम. त्ये माझं पन चुकलं. पन तुमच्यानंतर कोन?"

"काका आहेत यंत्रावर," मी म्हटलं. "ते म्हणतील खलास. एकतीस वर्षांत ते कधी विसरले नाहीत."

टेकाडावर यंत्र मी मांडलं आणि काकांना त्याच्यामागे उभं केलं. वॉकीटॉकी त्यांच्या हातात दिला, बोट बटणावर ठेवून दाखवलं. मी वर पोचेन, त्या दगडावर उभी राहीन, मग तुम्ही बघा आणि मला सांगा, असं लहान मुलाला सांगावं तसं तीनदा सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग त्यांनी डोक्यावरचा टॉवेल सोडला आणि माझ्या डोक्याला बांधला. घट्ट गाठ मारली, मागे, मानेवर.

"ऊन लागंल," ते म्हणाले.

"काका, खलास म्हणाल ना?"

त्यांनी यंत्राकडे बघितलं. मग कण्याकडे. फुटलेले ओठ हलले.

"आधी त्यो खाली येऊ दे."

मी रॉड खांद्यावर घेतला. निघण्याआधी त्यांची वही ट्रायपॉडच्या पायापाशी दगडावर ठेवली आणि नवं पान उघडलं. जागा: चौथा बुरूज. वेळ: सात पन्नास. रॉड कुणाकडे, तिथे माझं नाव लिहिलं, पूर्ण, अस्मिता, बाबांच्या नावासकट. चौथा रकाना मोकळा ठेवला आणि पेन त्यांच्या खिशात अडकवलं.